गिटारच्या पोटातलं नाव

९ फेब्रुवारी, रविवार

गिटारची पाठ पुढच्या रविवारी चिकटणार. त्याआधी आत लेबल लागलं पाहिजे, कारण एकदा पेटी बंद झाली की आत जायला समोरच्या गोल भोकाशिवाय वाट नाही. मेहुण्यांनी आज तीनदा आठवण केली. तिसऱ्यांदा जरा लागलं मनाला. मी काय विसरभोळा आहे?

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. पुढेमागे या वहीला महत्त्व येऊ शकतं. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. हयात दारं-खिडक्या करण्यात गेली, आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिटारी करतात. सात झाल्या. एकीलाही लेबल नाही. का, विचारलं तर म्हणाले, वाजवणाऱ्याला कळतं की भाऊजी. साधा माणूस. स्वतःला पुढे करणं त्यांना कधी जमलं नाही.

ही आठवी माझी. गेल्या वर्षी मी घरात जाहीर केलं, की लेकीच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी स्वतःच्या हाताने केलेली गिटार देणार. वाढदिवस ३० मार्च. ती परगावी नोकरी करते, तेव्हा पंधरा दिवसांच्या रजेवर येणार आहे. जाहीर केलं तेव्हा बायको हसली होती. आता हसत नाही. आता काहीच म्हणत नाही.

संकल्प: लेबल शुक्रवारपर्यंत तयार. हे काम संपूर्ण माझं. कुणाची मदत घ्यायची नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यालयात काम कमी. म्हणजे रांग होती, पण शांत होती. लेबलचा मजकूर केला.

'निर्माता' म्हटलं की सिनेमा आठवतो. 'कर्ता' म्हटलं की घर आठवतं, आणि घरात तो मान बायकोकडे आहे. 'शिल्पकार' चांगला वाटला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, का, गिटारला नाक-डोळे आहेत का. शेवटी 'हस्तनिर्मित', त्याखाली माझं नाव, त्याखाली वर्ष, आणि कोपऱ्यात क्रमांक ००१. आधी दोन शून्यं मुद्दाम घातली. पुढची सोय.

मेहुण्यांचं नाव कुठे घालायचं, एवढाच प्रश्न उरलाय. घालायचं आहेच. त्यात दुमत नाही. फक्त आकार सहा बाय नऊ सेंटिमीटर आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कुणी काय केलं याची प्रामाणिकपणे उजळणी केली. मनात किंतु नको.

लाकूड मी निवडलं. दोन फळ्या समोर होत्या, मी डावी म्हणालो. मेहुणे म्हणाले, उजवी बरी वाजेल. उजवी घेतली. पण विषय मी काढला. बाजूच्या पट्ट्या तापलेल्या नळीवर वाकवायच्या असतात. पहिल्या दोन मी वाकवल्या. मोडल्या. पुढच्या दोन मेहुण्यांनी वाकवल्या, पण जोर किती लावायचा नाही हे त्यांना माझ्यामुळेच कळलं. वरच्या फळीला आतून ज्या पट्ट्या असतात त्या मेहुण्यांनी लावल्या. मान मेहुण्यांनी कोरली. घासकाम मात्र माझं. मी घासलेलं त्यांनी परत एकदा घासलं, ते वेगळं.

आणि कल्पना शंभर टक्के माझी. कल्पनाच नसती तर कुणी काय घासलं असतं?

निष्कर्ष: गिटार माझी आहे. तरी मेहुण्यांचं नाव घालायचं. याला मनाचा मोठेपणा म्हणतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लेबल तयार नाही. अक्षराचं वळण ठरत नाहीये. उद्या पाठ चिकटणार आणि मी सहा दिवसांत एक चिटोरं करू शकलो नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?

मेहुण्यांना फोन केला. पाय मुरगळला म्हणालो. डावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळभर घरात लंगडलो. दुपारी लक्षात आलं, उजव्या पायाने लंगडतोय. बायकोने पाहिलं. काही बोलली नाही. हिचं न बोलणं फार मोठ्याने असतं.

चारच्या सुमारास मेहुण्यांचा फोन. सरस गरम करून ठेवलाय (सरस म्हणजे त्यांचा तो जुन्या पद्धतीचा गोंद, ऊब लागली की सुटतो, गार झाला की धरतो), हवाही कोरडी आहे, तर पाठ लावून टाकू का? लेबल काय, नंतर भोकातून हात घालूनही लावता येईल, जरा वाकडं व्हावं लागेल इतकंच. मी परवानगी दिली.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, भाऊजी, पायाला शेक द्या, हयगय करू नका.

वाईट वाटलं. शेक दिला. डाव्या पायाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

छापखान्यात गेलो. छापखानेवाला म्हणाला, कमीत कमी दोनशे छापावी लागतील. मग विचारलंन, महिन्याला किती गिटारी काढता? म्हटलं, सध्या एक. महिन्याला एक? म्हटलं, सध्या एक.

पडद्यावर मजकूर लावून दाखवला. फारच भारदस्त. मग मेहुण्यांची ओळ घातली, 'सहकार्य' म्हणून. सगळी अक्षरं आक्रसली, मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसायला लागली. छापखानेवाला म्हणाला, एक ओळ कमी करा. क्रमांक काढू?

मी म्हणालो, क्रमांक राहू दे.

 

२६ फेब्रुवारी, बुधवार

लेबलं आली. दोनशे. जाड, किंचित पिवळसर कागद, काळं अक्षर. एक हातात घेतलं आणि वाटलं, हा माणूस कोण असेल, किती वर्षं लाकडात हात घालून बसला असेल. मग आठवलं, मीच.

संकल्प: रविवारी मेहुण्यांना स्वतः लेबल दाखवायचं आणि म्हणायचं, दादा, जागा नव्हती हो, पण तुमच्याशिवाय हे झालं नसतं. त्यांना वाईट वाटणारच नाही. वाटलं तरी ते दाखवणार नाहीत. मग प्रश्नच मिटला.

२ मार्च, रविवार

शेडमध्ये चार तास. मेहुणे मान बसवत होते. मी फडकं धरलं होतं. एकदा पेन्सिलही दिली.

पिशवीत लेबलांचं पाकीट. त्यांनी आपणहून विचारलं, भाऊजी, लेबलाचं काय झालं? मी म्हणालो, होतंय. दोनशे लेबलं मांडीजवळ आणि मी म्हणतो, होतंय.

त्यांनी सल्ला दिला, लेबल कणकेच्या खळीने लावा. पुढे कधी काढायची वेळ आली तर ओल्या फडक्याने अलगद सुटतं. मी म्हणालो, काढायची वेळ का येईल? ते म्हणाले, येत नाही बहुतेक, पण लाकडाचं आणि माणसाचं सांगता येत नाही.

या वाक्यात काही टोमणा होता का, यावर परतीच्या वाटेवर बराच विचार केला. नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

७ मार्च, शुक्रवार

स्वयंपाकघरात गेलो तर मिठाच्या डब्यावर माझं लेबल. हस्तनिर्मित, माझं नाव, क्रमांक ००१. खाली बायकोच्या अक्षरात 'मीठ'. साखर, चहा, डाळ, सगळीकडे तेच. म्हणाली, एवढा चांगला कागद, नुसता पडून होता. मागे गोंद लावला की छान बसतं.

मी रागावलो. म्हणालो, जी वस्तू मी केली नाही तिच्यावर माझं नाव कसं लावतेस?

ती चहा गाळत होती. गाळणं थांबवलं नाही. म्हणाली, हो ना, ते चूकच.

दिवसभर कार्यालयात शिक्के मारत होतो. माझ्या विभागात लोक कागदांच्या नकला आणतात, मी त्या मूळ कागदाशी ताडून पाहतो आणि 'बरोबर आहे' असा शिक्का मारून खाली सही करतो. तेवीस वर्षं हेच करतोय. आज प्रत्येक शिक्क्याला जरा हात अडखळला. शाई वाळली असावी.

१६ मार्च, रविवार

गिटार घरी आली. पॉलिश असं, की त्यात माझा चेहरा दिसत होता. मी ती पालथी ठेवली.

तारा सैल केल्या, घड्याळ काढलं, बाही वर सारली. बायकोला बॅटरी धरायला उभं केलं. खळ केली नाही. खळ म्हणजे तात्पुरतं काम. मला कायमचं हवं होतं. बाजारात मिळतो तो सगळ्यात पक्का गोंद आणला. डबीवर लिहिलंय, एकदा लावाल ते आयुष्यभर.

हात कोपराआधीच अडकला. लेबल बोटाला चिकटलं, बोटावरून सुटलं, भलतीकडे पडलं, परत धरलं. शेवटी बसलं एकदाचं. बायकोने बॅटरी आत मारली. बघितलं. म्हणाली, तिरकं आहे.

किती?

ती म्हणाली, कुणी मान वाकडी करून बघितलं तर सरळ दिसेल.

हलवायला गेलो तर हलेना. डबीवर खरंच लिहिलं होतं. हाताने केलेल्या वस्तूत थोडी तिरकी रेघ असायचीच. त्यावरूनच ओळखतात म्हणे.

लेबल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकट्याने लावलं. हे कुणी नाकारू शकत नाही.

३० मार्च, रविवार

लेक आली. गिटार दिली. पाच मिनिटं नुसती हातात धरून बसली. मग भोकातून आत डोकावली. नाव वाचलं. बाबा, तू केलीस? असं म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

इथे मी बोलणार होतो. वाक्य तयार होतं. पण पोरगी गळ्यात पडली. गळ्यात पडलेल्या माणसाला तपशील कसे सांगणार?

नंतर विचारलंन, मामाने मदत केली असेल ना? मी म्हणालो, हो, थोडंफार मार्गदर्शन केलं त्याने.

बायको आत गेली. भांड्यांचा आवाज आला. भांडी सकाळीच घासून झाली होती.

संकल्प: उद्या लेकीला सगळं सांगायचं.

३१ मार्च, सोमवार

लेक थकली होती. प्रवासाचा शीण.

२ एप्रिल, बुधवार

आज फार आनंदात होती. आनंदात असलेल्या माणसाला उगाच कशाला.

३ एप्रिल, गुरुवार

आज जरा उदास होती. तेव्हा तर नाहीच.

५ एप्रिल, शनिवार

लेकीच्या जुन्या संगीतवर्गाचा कार्यक्रम. शंभर खुर्च्यांचं सभागृह. आम्ही तिसऱ्या रांगेत. एका बाजूला बायको, एका बाजूला मेहुणे, इस्त्रीचा शर्ट घालून. नखांत अजून पॉलिश.

लेक वर गेली. वाजवायच्या आधी म्हणाली, ही गिटार माझ्या बाबांनी त्यांच्या हातांनी केली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. शेजारी मेहुणे टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या दोन-तीन जास्त झाल्या.

मग तिने वाजवलं. गिटार बोलते. मला त्यातलं कळत नाही, पण मला सुद्धा कळलं. मेहुण्यांनी डोळे मिटले होते आणि मांडीवर एका बोटाने काहीतरी मोजत होते.

कार्यक्रम संपल्यावर संगीतवर्गाचे मास्तर मला गाठून म्हणाले, आवाज फार मोकळा आहे, आतल्या पट्ट्या कशा मांडल्यात? मी म्हणालो, आतल्या बाजूला. मास्तर थांबले. मी घाम पुसला. मेहुणे पुढे झाले आणि म्हणाले, भाऊजींनी पंख्यासारख्या मांडल्यात, सात, खालच्या बाजूला निमुळत्या केल्यात. भाऊजी जरा कमी बोलतात.

 परत येताना रिक्षात मेहुणे म्हणाले, पोरीचा हात छान आहे.

६ एप्रिल, रविवार

लेक मैत्रिणीकडे. लेबलाचा तिरकेपणा नेमका किती दिसतो ते पाहावं म्हणून बायकोचा छोटा आरसा भोकातून आत घातला. आरसा उलटा पडला, तोंड वर. आणि त्यात वरच्या फळीची आतली बाजू दिसली. तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. अक्षर मेहुण्यांचं. आरशात उलटं, त्यामुळे लागेना, पण खाली तारीख आहे हे नक्की.

म्हणजे सही. चोरून सही. पेटी बंद व्हायच्या आधी, मी नसताना, आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी स्वतःचं नाव घालून ठेवलं या माणसाने. आणि वर टाळ्या वाजवतो.

मी किती दिवस झुरतोय त्यांच्यासाठी.

७ एप्रिल, सोमवार

रजा टाकली. मेहुण्यांशी काय बोलायचं ते लिहून काढलं. सुरुवात अशी: दादा, नात्यात विश्वास ही एकच गोष्ट असते. पुढे दोन पानं. कुठेही आवाज चढवायचा नाही. शेवटी म्हणायचं, तुम्ही समोरून मागितलं असतंत तर मी आनंदाने नाव दिलं असतं.

हे वाक्य वाचून स्वतःच गहिवरलो.

गेल्या दोन महिन्यांत प्रथमच छान भूक लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

८ एप्रिल, मंगळवार

पुरावा हवा म्हणून मोबाइल भोकातून आत सरकवला आणि फोटो काढला. चार फोटो काळे आले. पाचवा स्वच्छ आला.

लिहिलंय: भाऊजींची पहिली गिटार. १६ फेब्रुवारी.

त्यांचं नाव कुठेच नाही. फोटो मोठा करून कोपरे पाहिले. नाही.

१६ फेब्रुवारी म्हणजे तो रविवार. त्या दिवशी ते शेडमध्ये एकटे होते. मी घरी शेक घेत होतो.

जेवलो नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का. म्हणालो, पाय दुखतोय. ती म्हणाली, कुठला?

९ एप्रिल, बुधवार

ठरलं. आता मागे फिरणं नाही. जुनं लेबल काढायचं, नवं लावायचं. लेक सोमवारी जाणार, त्याआधी.

नवं लेबल स्वतःच्या हाताने लिहिलं. छापखाना नाही. वर मेहुण्यांचं नाव, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली 'घासकाम' आणि माझं नाव. नंतर घासकामाच्या आधी 'काही' घातलं. क्रमांक ००८. पहिल्यांदाच वाटलं, हे कुणालाही मोठ्याने वाचून दाखवता येईल.

सहा बाय नऊमध्ये सगळं बसलं. जागा उरली.

१२ एप्रिल, शनिवार

लेक आणि बायको बाजारात. दोन तास हातात.

ओलं फडकं लावलं. लेबल ढिम्म. नखाने खरवडलं. ढिम्म. मग सर्दीला वाफ घ्यायचं यंत्र आणलं आणि त्याचं तोंड भोकात धरलं. पंचवीस मिनिटं. लेबलाचा एक कोपरा सुटला. जोर आला. आणखी पंधरा मिनिटं. आतून टक् असा आवाज आला. मला वाटलं, सुटलं लेबल.

लेबल तिथेच होतं. पाठीला आतून आडवी असते ती एक पट्टी सुटली होती. पक्का गोंद जागचा हलला नाही आणि मेहुण्यांचा सरस वितळला. त्यांनी सांगितलं होतं, ऊब लागली की सुटतो. ते मी या वहीतही लिहिलंय. मागे जाऊन पाहिलं. लिहिलंय.

तारा कसून एक छेडली. गिटार बोलेना. बाटलीत माशी अडकावी तशी भणभणली.

लेक आली. वाजवायला मागितली. मी म्हणालो, तिला विश्रांती दे, नवीन लाकूड आहे. लेक म्हणाली, बाबा, तुला किती कळतं रे यातलं.

१३ एप्रिल, रविवार

लेकीला सांगितलं, शेवटचा हात फिरवून आणतो, आणि सकाळी आठला गिटार घेऊन शेडमध्ये गेलो. खिशात नवं लेबल. शर्टाच्या, डाव्या बाजूला. पिशवीत जुन्या लेबलांचं पाकीट तसंच होतं, काढायचं राहिलं होतं.

मेहुण्यांनी एक तार छेडली. मग पाठीवर बोटाने टकटक करत कान लावला, डॉक्टर लावतात तसा. म्हणाले, मधली पट्टी सुटलीय. कशाने झालं?

मी म्हणालो, हवा फार दमट आहे हो हल्ली.

बाहेर कडक ऊन होतं. शेडचा पत्रा तापून कटकट वाजत होता. मेहुण्यांनी पत्र्याकडे पाहिलं, आत हात घालून चाचपलं, हात बाहेर काढला. हात ओला होता. पुसला. म्हणाले, हो, दमट आहे खरी.

त्यांनी सरस तापवला. भोकातून हात घालून, नुसत्या बोटांनी चाचपत, पट्टी जागेवर बसवली आणि आतून एक छोटा टेकू दिला. वीस मिनिटं. डोळे समोरच्या भिंतीवर. मी काय धरू, विचारलं. म्हणाले, तुम्ही बसा.

मग आत डोकावले. भाऊजी, लेबल तिरकं लागलंय आणि कोपरा उचललाय. पोरगी उद्या घेऊन जाणार, असं नको. त्यांनी एक पातळ सुरी तापवली आणि लेबलाखालून हळूहळू फिरवली. चाळीस मिनिटं माझ्या वाफेला न दबलेलं ते पाच मिनिटांत सुटलं. काढताना मधोमध फाटलं. नेमकं माझ्या नावातून. त्यांना फार वाईट वाटलं. दोन्ही तुकडे तळहातावर जुळवून पाहिले. म्हणाले, माफ करा हं. दुसरं आहे का जवळ?

इथे खरं तर सगळं जुळून आलं होतं. मला काढायचं होतं ते त्यांनीच काढलं होतं. शेडमध्ये आम्ही दोघंच. नवं लेबल खिशात, छातीवर. दादा, आहे, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, आहे. आणि पिशवीतलं पाकीट उघडून छापलेलं दिलं.

हाताला ते आधी लागलं. पिशवी जवळ होती.

त्यांनी वाटीत थोडी खळ कालवली. पट्टीने मोजलं, पेन्सिलीने दोन बारीक ठिपके दिले, लेबल दोन बोटांत धरून आत नेलं आणि एकदाच टेकवलं. वरून कापडाने दाबलं. मला म्हणाले, बघा बरं, सरळ आलं का.

सरळ आलं होतं. रेघ आखल्यासारखं. हस्तनिर्मित, माझं नाव, क्रमांक ००१.

गिटारमध्ये एक गोष्ट माझ्या हातची होती. ती पण आता त्यांच्या हातची झाली.

निघताना म्हणालो, दादा, एक सांगायचं होतं. ते सुरी पुसत होते. म्हणाले, बोला ना. मी म्हणालो, पोरीला तुमची फार आठवण येते तिकडे. ते म्हणाले, मला पण येते. आणि दुसरीकडे बघत सुरी परत पुसायला लागले. ती स्वच्छ होती.

१४ एप्रिल, सोमवार

लेकीला गाडीत बसवून आलो. गिटार तिने सामानात ठेवली नाही, मांडीवर घेतली. गाडी सुटेपर्यंत भोकाशी बोट धरून शेजारच्या बाईला काहीतरी दाखवत होती. खिडकीची काच बंद होती, ऐकू आलं नाही.

संकल्प: तिला सविस्तर पत्र लिहायचं. सोबत नवं लेबल पाठवायचं. तिने स्वतः लावावं. खळीने लावलेलं आहे, ओल्या फडक्याने निघतं.

१५ एप्रिल, मंगळवार

कार्यालयातून आलो तर बायको कपडे वाळत घालत होती. माझा रविवारचा शर्ट तारेवर. तिच्या तळहातावर एक ओला, निळसर गोळा. म्हणाली, खिशात होतं, मला दिसलं नाही, सगळं विरघळलं. काही महत्त्वाचं होतं का?

म्हणालो, नाही.

तिने तो गोळा पिळला आणि टोपलीत टाकला. मी शर्टाचं दुसरं टोक धरलं, तिने चिमटा लावला.